सौ. वासंती कोण?

८ मे २००६, सोमवार

सकाळी सातला कोर्टात. उन्हाळ्यात इथे जयपूरला कोर्ट सकाळचंच. साडेदहाला पुकारा झाला – "मुल्जिम प्रभाकर!" उठून उभा राहिलो. पुढची तारीख मिळाली. बसने घरी. दुपारी वरण-भात.

वासंतीला जाऊन आज सत्तेचाळीस दिवस.

आरोप एवढाच, की रद्द झालेल्या लायसन्सवर गाडी चालवली. त्या गाडीत कोण होतं, ते कागदात कुठेच नाही.

११ मे

राजा पार्क भागात वकिलाकडे गेलो. विजयवर्गीय. मिठाईच्या दुकानावरचा जिना. हे गृहस्थ फक्त लायसन्सचीच प्रकरणं घेतात. बाकावर आधीच चार-पाच जण – टेम्पोवाले, लग्नाच्या बँडची गाडी चालवणारा एक. "आधा जयपुर यहीं बैठता है, साहब. आप पहले हो जो रो नहीं रहे!" सगळे हसले.

सांगितलं सगळं. ऑक्टोबरात सिग्नलवर गाडीतच फिट आली. हवालदाराने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा कागद झालाना भागातल्या परिवहन कार्यालयात गेला. तिथून लायसन्स रद्द केल्याची नोटीस डिसेंबरात रजिस्टर पोस्टाने घरी आली. मी ऑफिसात होतो. वासंतीने सही करून घेतली.

"मैडम ने आपको नहीं बताया?"

नाही म्हणालो.

"तो केस कहाँ है? नोटिस मिला ही नहीं!"

शिक्षा झाली तर खात्याची चौकशी लागेल. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. चौतीस वर्षांची नोकरी. तेही त्यांनीच मला समजावून सांगितलं, जसं काही मला माहीत नव्हतं!

१२ मे

एक शब्द बोलली नाही. साडेतीन महिने! नोटीस तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. "थंडी आहे, बसने जा." "भाजी मीच चालत आणते." रोज काहीतरी नवं. असं का, ते एकदाही सांगितलं नाही.

एवढा मी नाजूक होतो?

१७ मे

लिहून टाकतो एकदाचं.

२२ मार्च. शीतलाष्टमी. सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. मी म्हटलं, पित्त आहे. शेजारच्या मालनबाईंनी सणाचं थंड जेवण पाठवलं होतं, ते तिने झाकून ठेवलं. दुपारी तीनला घाम फुटला तिला. गाडी काढली. फाटकात उभी राहून म्हणाली, "रिक्षा बोलवा ना." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी ओरडलो – "बस म्हटलं ना!"

बसली.

टोंक रोडवर चाकसूच्या जत्रेची गर्दी, पोलिसांनी दोऱ्या बांधलेल्या. आणि हवालदार नेमका तोच, ऑक्टोबरातला. "अरे, ये तो मिर्गी के दौरे वाले साहब! आपका लाइसेंस तो कैंसिल हो गया न?" मी खाली उतरून हुज्जत घातली. मोठ्याने. वीस मिनिटं. सरकारी अधिकारी आहे म्हणालो, नाव-नंबर द्या म्हणालो. शेवटी त्यानेच गाडीत डोकावून पाहिलं, आणि धावत जाऊन रिक्षा थांबवली.

रिक्षातच गेली. दवाखान्याच्या दारापर्यंतही नाही.

१८ मे

काही नाही. मालनबाई डबा ठेवून गेल्या. अर्धा खाल्ला.

२५ मे

वकिलाने कोर्टातल्या कागदांतून पोचपावतीची नक्कल काढली. पोस्टमनला परत द्यायचं ते पिवळं कार्ड. आमच्या विम्याच्या ऑफिसात मी अशी शेकडो कार्डं पाहिली. पॉलिसीवाले म्हणायचे पत्र मिळालं नाही, मी समोर कार्ड ठेवायचो. विजयवर्गीयांना ते ठाऊक. "इसी कार्ड से तो आप लोग पब्लिक को मारते हो! आज आपकी बारी है."

खाली तिची सही. सौ. वासंती. टिंब इतकं बारीक की दिसतच नाही.

"ये सौ क्या है? हंड्रेड?"

सौभाग्यवती, म्हणालो. आमच्यात नवरा असलेली बाई लावते.

ते खुर्चीत मागे रेलले. "बहुत बढ़िया. ये बात आप कोर्ट में नहीं बताएँगे. वोटर लिस्ट में वासंती. राशन कार्ड में वासंती. ये सौवासंती कोई और होगी. पोस्टमैन ग़लत घर दे गया."

मला काय बोलायचं आहे? तर एवढंच, की ही सही माझ्या बायकोची नाही.

४ जून

ज्ञानदा दिल्लीहून आली. ती सही वासंतीची नाही असं मी कोर्टात सांगणार नाही म्हटलं, तर चिडली. "बाबा, तुम्ही मतलब कमालच करता. आईला आता थोडीच फरक पडणार आहे? एक शब्द तर आहे!"

"तिची सही आहे ती."

"मला माहिती आहे ना! तिनेच लपवलं, तिच्यामुळेच तर हे सगळं झालं. आणि आता तुम्ही जेलला जाणार?"

मग रडली. मी पंखा वाढवला.

बरोबरच बोलली. तिच्यामुळेच. सही करायची आणि गप्प बसायचं – आणि निस्तरायला मी!

१९ जून

मॅजिस्ट्रेटबाई तरुण आहेत. कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं. "ये सौवासंती कौन है?"

विजयवर्गीय माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम.

"हमारे यहाँ इस नाम की कोई नहीं है," म्हणालो.

"पत्नी?"

"पत्नी का नाम वासंती था."

"नोटिस के बारे में जानकारी थी?"

"नहीं."

बाईंनी मान हलवली. हळू म्हणाल्या, "बैठ जाइए, आप थक गए होंगे." त्याचाच राग आला.

२८ जून

सुटलो. विजयवर्गीयांनी दुकानातून कलाकंद मागवला. बाकावरच्या सगळ्यांना वाटला. मलाही एक दिला. खाल्ला.

ज्ञानदाला फोन केला. "बघा! मी बोलले होते ना?"

२९ जून

डिसेंबरात ते पाकीट मला सापडलं होतं. नोटीस आली त्याच आठवड्यात. उघडलं, वाचलं, पुन्हा साड्यांखाली तसंच सरकवलं. वासंतीला कळू दिलं नाही. गाडी चालवत राहिलो.

कूलरमधलं पाणी संपलं होतं. दोन बादल्या भरून ओतल्या.