पासष्ट इंच आणि ओझरचा घरमालक

५ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी डेअरीवर, दुधाची पिशवी हातात असताना, माझं आयुष्य बदललं. तारीख नीट लिहून ठेवतोय. पुढे लागेल.

मनमाडला आत्याकडे महिनाभर रागात राहून कालच नाशिकला परतलो. राग अण्णांवर. पॉलिटेक्निक मी सोडलं, ते माझं मी सोडलं. वडील झाले म्हणून पाहुण्यांसमोर तो विषय काढायची गरज नव्हती. असो. सकाळी आईने दुधाला पिटाळलं, तर डेअरीसमोर स्नेहल. आमच्याच गल्लीतली, चार घरं सोडून राहणारी, आणि दोन वर्षांपासून माझ्या मनातली. हे शेवटचं तिला अजून सांगितलेलं नाही. पण अशा गोष्टी समोरच्याला कळतात.

म्हणाली, बरं झालं आलास, तुझीच वाट बघत होते. तुला टीव्हीतलं कळतं ना? मोठा टीव्ही घ्यायचाय, नव्या घरासाठी. येशील का बरोबर निवडायला?

मी म्हणालो, कुठलं नवं घर. म्हणाली, अरे ओझरचं, तुला कळलं असेलच की सगळं. मी म्हणालो, हो, कळलंय. कळलं नव्हतं. पण मुलगी एवढ्या विश्वासाने बोलत असताना फाटे फोडू नयेत.

आता शांत डोक्याने विचार केला. साडी निवडायला कोणालाही नेता येतं. टीव्ही दहा-पंधरा वर्षं बघायचा असतो. तो कोणाच्या शेजारी बसून बघायचा हे ठरल्याशिवाय कोणी निवडायला निघत नाही. आणि घर ओझरला. दोन्ही घरांच्या कटकटीपासून लांब. पोरीने माझ्यामागे सगळं प्लॅनिंग करून ठेवलंय.

घरी आलो तर आई म्हणाली, तू नव्हतास तेव्हा स्नेहलचं... मी तिथेच थांबवलं. म्हणालो, तिने स्वतः सांगितलंय मला. आई म्हणाली, हो का? आणि तुला चाललं? म्हणालो, न चालायला काय झालं. आईने दुधाची पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, मोठा झालास रे.

संकल्प: उद्यापासून राग पूर्ण बंद. सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी बघणे. टीव्हीचा सखोल अभ्यास.

६ ऑक्टोबर, सोमवार

सिन्नरला जाणार होतो. पण अभ्यास आधी. दिवसभर रिव्ह्यूचे व्हिडिओ बघितले. एलईडी, क्यूलेड, ओलेड यांतला फरक आता झोपेतसुद्धा सांगेन.

आमच्या घरच्या टीव्हीला गेला महिनाभर चित्र येत नाही, नुसता आवाज येतो. आई मालिका ऐकत पोळ्या लाटते. अण्णा म्हणाले, एवढं कळायला लागलंय तर हा उघडून बघ जरा. मी म्हणालो, हा जुना एलसीडी आहे, माझा विषय ओलेड आहे. अण्णा म्हणाले, तुझा विषय नेहमी पुढच्या वर्गातला असतो.

रागावलो नाही. फक्त जेवलो नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेज रोडवरच्या शोरूममध्ये गेलो. दोघंच. एका भिंतीवर वीस टीव्ही आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता. त्या निळ्या उजेडात स्नेहल जी दिसत होती, ते लिहिण्याचं सामर्थ्य माझ्यात नाही.

तिचं म्हणणं त्रेचाळीस इंच पुरे. मी समजावलं की संसार एकदाच होतो, तो त्रेचाळीस इंचात उरकू नये. हसली. संसार हा शब्द मी मुद्दाम टाकला होता. तिने हरकत घेतली नाही.

सेल्समनने विचारलं, सर, तुमच्या हॉलमध्ये सोफा ते भिंत अंतर किती? तुमच्या हॉलमध्ये. परक्या माणसालाही दिसतं. स्नेहल पटकन म्हणाली, याचा नाही हो, हा आमच्या गल्लीतला. मुली दुकानात असंच म्हणतात. ठरण्याआधी बभ्रा नको असतो.

मग त्या सेल्समनने साठ हर्ट्झचा सेट एकशे वीस म्हणून सांगितला. मी मागचं लेबल वाचून दाखवलं. तो म्हणाला, सर, डोळ्यांना फरक कळत नाही. मी म्हणालो, तुमच्या नसेल कळत. मॅनेजर आला, सिक्युरिटीवाला आला. स्नेहल मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. दंडाला.

हा राग नव्हता, तांत्रिक मतभेद होता. संकल्प शाबूत.

बाहेर तिने एक गोष्ट सांगितली. टीव्ही भिंतीवर लावायचा तर ड्रिल करावं लागेल, त्यासाठी दीपकला विचारायला हवं. दीपक कोण? सगळं कळलंय असं सांगून बसल्यामुळे विचारता येईना. तिच्या गाडीवर मागे बसून घरी येताना सुटलं कोडं. भिंतीला भोक पाडायला परवानगी कोणाची लागते? घरमालकाची.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरमालक लुडबुड्या आहे.

आज दुसऱ्या शोरूममध्ये असताना त्याचा तीनदा फोन. त्यालाही म्हणे पासष्ट इंचीच हवा. इथवर ठीक, माणसाला अक्कल आहे. पण वर साउंडबारही हवा, मॅचसाठी. भाडेकरूच्या हॉलमध्ये हा मॅच बघायला येणार? शिवाय त्याच्या आईचं म्हणणं, टीव्ही देवघरासमोरच्या भिंतीवर नको. म्हणजे आईसुद्धा लक्ष घालणार. मी स्नेहलला म्हणालो, यांना एवढं डोक्यावर बसवू नकोस, सुरुवातीलाच स्पष्ट बोललेलं बरं. ती म्हणाली, खरंय तुझं, पण आई चांगल्या आहेत रे, आणि रंगसुद्धा दीपकने मला विचारूनच लावला.

रंग विचारून लावणारा घरमालक नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. तेवढं श्रेय देतो.

ओझरला विमानांच्या कारखान्यात आहे म्हणे. परमनंट. फोनवर ती त्याच्याशी बाजूला जाऊन, हळू आवाजात, हसून बोलते. डिपॉझिट कमी करून घेत असावी. हुशार आहे.

सिन्नरचं उद्या बघतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मला सिन्नरला जावं लागलं नाही, सिन्नरच माझ्याकडे आलं. स्नेहलचे केरूमामा. तिकडे त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. टीव्ही त्यांच्याकडून, भाचीला. म्हणून शोरूममध्ये बघायला आले.

मामांनी आधी टीव्ही बघितला नाही, मला बघितलं. वरपासून खालपर्यंत. म्हणाले, तू टीव्हीतला इंजिनेर का? मी म्हणालो, होणार होतो. म्हणाले, मंग कालेज का सोडलं? मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न होता. म्हणाले, इषय किती बॅक होते? मी म्हणालो, चार. मामा म्हणाले, लय तत्त्वं हायेत. स्नेहल टीव्हीतला मासा बघत राहिली.

पण नंतर मी त्यांना ओलेडचा काळा आणि क्यूलेडचा काळा यांतला फरक दाखवला. मामा म्हणाले, दोन्ही काळेच हे. तरी शेवटी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पोरगं कामाचं हाय. लग्नात आपल्याला लय उपेगी पडंल.

लग्नात. विषय मामांनी काढला, मी नाही. नोंद असावी.

ओलेड त्यांच्या हिशोबात बसेना. मी मोठ्या मनाने क्यूलेडवर आलो. नात्यात दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अण्णांशी वाजलं. म्हणाले, दिवाळी आली, घरातला टीव्ही मुका नाही तर आंधळा आहे, आणि तू गावाचे टीव्ही निवडत हिंड. मी म्हणालो, थोडे दिवस थांबा, मी ओझरला चाललोय. म्हणाले, कशाला? म्हणालो, कळेल. अण्णांनी आईला विचारलं, त्या पोराने याला कारखान्यात चिकटवलं की काय? आई म्हणाली, तसं असलं तर देव पावला.

कोणतं पोर ते विचारलं नाही. मी पेटलेलो होतो. म्हणजे रागावलो नव्हतो, पेटलेलो होतो.

२२ ऑक्टोबर, पाडवा

घेतला. पासष्ट इंच.

पैसे मामांचे, बाकी सगळं माझं. वॉल माउंट फुकट मिळवण्यासाठी मी काउंटरवर जी लढाई दिली, ती बघायला अण्णा हवे होते. तोच साठ हर्ट्झवाला सेल्समन इकडे नोकरी बदलून आलाय. मला बघून त्याने माउंट आपण होऊन आणून दिला.

स्नेहल म्हणाली, तू नसतास तर काय केलं असतं मी? मी म्हणालो, मी असणारच आहे. ती म्हणाली, असायलाच पाहिजेस. रविवारी ओझरला फिटिंग आहे, ये नक्की, आई आणि मामाही आहेत.

तिच्याकडची मोठी माणसं समोर. याहून स्पष्ट मुलीने काय बोलावं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्याची तयारी. निळा शर्ट इस्त्रीला दिला. वाक्य तयार आहे. टीव्ही सुरू झाला, सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं, की तिच्याजवळ जाऊन म्हणायचं: स्नेहल, या पडद्यासमोर मला कायमची जागा हवी आहे.

आरशासमोर म्हणून बघितलं. बाहेरून आईने विचारलं, कसली जागा हवीये रे? आपल्या घरात प्रायव्हसी नाही. ओझरला असेल.

सिन्नर सोमवारी, नक्की.

२६ ऑक्टोबर, रविवार. ओझर, बस स्टॉप

लिहायचं नव्हतं. पण बस येत नाहीये.

दारावर पितळी पाटी होती: दीपक आणि स्नेहल. मला वाटलं, घरमालक पुढारलेला आहे, भाडेकरूचंही नाव लावतो. पाटीवर खाली जागाही बरीच होती.

घरमालक उंच निघाला. हसरा. मला सार्थकभाऊ म्हणाला, आणि आत नेऊन आधी पाणी दिलं. कंपनीचा मेकॅनिक आलेला होता. त्याने टीव्ही लावला तो एका बाजूला करंगळीभर उतरता. मी काढून परत लावायला लावला. घरमालक स्वतः स्टुलावर चढून एक बाजू धरून उभा राहिला. मी खालून एक डोळा मिटून पातळी बघत होतो.

सुरू झाला. काय चित्र. पासष्ट इंचांत समुद्र मावला होता. स्नेहलची आई, म्हणजे लंकाकाकू, कुंकवाचं बोट घेऊन थेट स्क्रीनवर स्वस्तिक काढायला निघाल्या. मी ओरडलो, काकू, पॅनेल. घरमालकाने त्यांचा हात अलगद धरून खालच्या फ्रेमकडे नेला. म्हणाला, सार्थकभाऊ सांगतील तसं. घरमालक म्हणून खरंच चांगला माणूस होता.

मग फराळ आला. सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे. मी प्लेट घेऊन स्नेहलजवळ सरकलो. वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात लंकाकाकू मामांना म्हणाल्या, एक काळजी मिटली हो. स्नेहलला भाऊ नाही, लग्नात नवऱ्याचा कान पिळायला कोणाला उभं करायचं, हेच मी महिनाभर घोकत होते. घरातच पोरगा होता आणि आपण बाहेर शोधत बसलो.

माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मामा म्हणाले, जोरात पीळ बरं का. अंगठी कबूल करेपर्यंत सोडायचं नाय. घरमालक माझ्यासमोर वाकला, कान पुढे केला आणि म्हणाला, आत्ताच ट्रायल घेऊन टाका, सार्थकभाऊ. स्नेहल म्हणाली, नको रे दीपक, याला राग फार पटकन येतो, खरंच पिळेल.

सगळे हसले. मीही हसलो असेन, कारण तोंडातला चिवडा बाहेर आला.

कान तिथेच होता, वीतभर अंतरावर. मी विचार करत होतो. घरमालकाचा कान लग्नात कोणी पिळत नाही. आमच्यात नाही, त्यांच्यात नाही, कुठेच नाही. डिपॉझिट कितीही असू दे. सगळ्या बाजूंनी लावून बघितलं, बसत नाही.

स्नेहल म्हणाली, तू काही सांगणार होतास ना? मघापासून बघतेय.

मी म्हणालो, हो. पिक्चर मोड व्हिव्हिडवर आहे, तो स्टँडर्डवर घे. व्हिव्हिडमध्ये सगळं आहे त्यापेक्षा छान दिसतं.

तिने लगेच बदलला. समुद्र जरा फिका झाला. म्हणाली, अरे हो, खरंच. दीपक म्हणाला, थांबा की, दुपारी मॅच आहे, पासष्ट इंचावर बघू. मी म्हणालो, सिन्नरला जायचंय, कामाचं बघायला. रविवारी सिन्नरला कोण कामाचं बघतं, हे कोणी विचारलं नाही. माणसं चांगली आहेत.

उठलो. चपला घातल्या. बाहेर आलो आणि दाराला हात घातला. असं आपटणार होतो की विमानांच्या कारखान्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

पण दाराशेजारचीच भिंत. पातळ, चार इंची विटेची. चार स्क्रू, नुकतेच बसवलेले, वर पासष्ट इंच. हादरा बसला असता.

दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, लावून घेतलं.