उरलेली फ्रेम

अण्णा, आज एका मुलीला मी तुमचं वाक्य ऐकवलं आणि ती गेल्यावर दुपारभर मला स्वतःचीच चीड येत राहिली. भाचीची मुलगी आहे, पुण्यात शिकते. हल्ली या मुलांना पुन्हा फिल्मचे कॅमेरे हवे झाले आहेत. तिने दोन जुने कॅमेरे हेरून ठेवले होते, मोबाइलवर मला दाखवले. एक कोरा करकरीत, चामड्याच्या पेटीतला. दुसऱ्याचा काळा रंग कडांना उडून आतलं पितळ वर आलेलं. "आजी, कुठला घेऊ? हा दुसरा किती झिजलाय बघ ना." मी पटकन म्हणाले, "झिजलेला घे. झिजलाय म्हणजे चालत होता." ती खूश झाली. म्हणाली, "भारी आहे हे, मैत्रिणींना सांगते." चहा पिऊन गेलीसुद्धा. पुढचं मी तिला सांगितलं नाही. ते तुमचं आहे, तुम्हीच ऐका.

मी बी.एस्सी. होऊन तुमच्या स्टुडिओत बसले ते साल आठवा. शुक्रवार पेठेतल्या बायकांना बाई फोटो काढणार म्हणून बरं वाटलं, नातेवाइकांना मात्र माझ्या शिक्षणाची माती झाली असं वाटलं. नवा कॅमेरा तेव्हा मिळतच नव्हता. परदेशातून कुणी आणलेला, चार हातांतून फिरलेला, तेवढाच काय तो मिळायचा. लग्नाच्या कामाला मला हलका, लहान फिल्मचा हवा होता. आधी आपण गिरणीतल्या एका साहेबांकडचा पाहिला. पेटी उघडली तर आत दागिन्यासारखा बसलेला. मी हरखले. तुम्ही तो कानाशी नेलात, घड्याळ ऐकावं तसं, आणि सगळ्यात सावकाश वेगावर बटण दाबलंत. शटर उघडलं आणि मिटेचना. बाहेर आल्यावर म्हणालात, "लई दिवस कपाटात बसलाय. आपल्या हवेत वंगण वाळून डिंक हुतो. न वापरता ऱ्हायलेली वस्तू नवी नसती, पोरी, ती आजारी असती."

मग मोहोळ गाव. एस.टी. स्टँडजवळचा तो फोटोग्राफर, डोळे अधू झाले म्हणून दुकान आवरणारा. त्याने टेबलावर ठेवलेला कॅमेरा बघून मला ओशाळल्यासारखं झालं. पट्ट्याच्या कड्या झिजून पातळ, लेन्सवर एक चरा, चामडं निघालेल्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. तुम्ही मागचं दार उघडून तो आभाळाकडे धरलात, लेन्समधून आरपार बघितलंत, सगळे वेग ऐकलेत. चऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. "चरा फोटूत येत न्हाय. आत बुरशी हाय का, तेवढं बघायचं," असं मला सांगून दुकानदाराला विचारलंत, "का हो, कुरकुरतो का?" तो म्हणाला, "बायकोपरीस कमी. ती तर म्हंती, सवत चालली एकदाची." "तिला सांगा, सवत शुक्रवार पेठंत नांदती म्हणून." दोघं हसत होतात आणि मी दारातून आत बघत होते. फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दात गुळगुळीत झाले होते. मी म्हणाले, "अण्णा, हे दात झिजलेत." त्या माणसाने खोटेपणा केला नाही. "व्हय, ताई. रोल संपत आला की कवातरी फिल्म जागची हलत न्हाय." तुम्ही कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात आणि म्हणालात, "शेवटालाच ना? मग काय बिघडलं? शेवटची फ्रेम घरचीच असती की."

हा आपल्या घरचा कायदा होता. रोल गिऱ्हाइकाचा. त्याचं काम भागून एखादी फ्रेम उरली तर ती घरच्यांची. नवा रोल घरासाठी कधी फोडायचा नाही. माझी लहानपणीची सगळी छायाचित्रं कुणाच्या तरी बारशाच्या, नाहीतर मुंजीच्या शेपटाला आहेत. तुम्ही मात्र कायम कॅमेऱ्यामागेच राहिलात. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो होता, तोही असाच एका उरलेल्या फ्रेमवरचा, चुलीपुढून उठवून, पदर नीट करायलाही वेळ न देता काढलेला. चांगला आहे. म्हणून मीही त्या कायद्याला कधी हरकत घेतली नाही.

तो कॅमेरा मी सुरुवातीला मलमलीत गुंडाळून ठेवत असे. एकदा तुम्ही तो गिऱ्हाइकांदेखत बाहेर काढलात. "याला काय पाळण्यात घालतीस? खांद्याला लाव. झिजू दे तुझ्या हातानं." मला लागलं ते. पण त्यानंतर मी तो खरोखर वापरला. अक्कलकोटच्या बसमध्ये मांडीवर, मांडवातल्या धुराळ्यात, हळदीच्या हातांनी. त्याच्या उजव्या कडेचं पितळ जिथे उघडं पडलं आहे, ती जागा माझ्या तळव्याची आहे. पुढचं घडलं नसतं तर तुम्ही बरोबर होतात, असं मी वर्षानुवर्षं मानलं असतं.

तुमच्या आजारात मोहोळचंच लग्न आलं. पाठवणीला मी नवरीच्या वडिलांपाशी उभी होते. धिप्पाड माणूस, मिशीवाला. दिवसभर पंगतीत आरडाओरडा करत फिरलेला, आणि गाडी सुटली तसे त्याचे डोळे भरून आले. मी अगदी जवळून त्याचा चेहरा घेतला, त्या दिवसाच्या कामातलं शेवटचं चित्र. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत तुम्ही स्टुलावर बसला आहात. ज्या स्टुलावर तुम्ही अख्खी पेठ बसवलीत, त्यावर तुम्ही स्वतः कधी बसला नव्हतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते तुम्हाला न सांगताच कळलं होतं. मी म्हणते, "नवा रोल घालते." तुम्ही म्हणता, "कालच्यात उरली असंल की एक. नवा कशाला फोडतीस?" सदऱ्याची कॉलर दोनदा सारखी करता. हात कुठे ठेवायचे ते तुम्हाला उमगत नाही. मी तुमच्याच आवाजात म्हणते, "हनुवटी थोडी खाली. श्वास धरा." तुम्ही लेन्सकडे असे बघता जणू ती तुमचं काहीतरी तपासायला आली आहे. मी बटण दाबते. आवाज नेहमीसारखाच येतो. झिजलेल्या यंत्राचा आवाज काहीच सांगत नाही, अण्णा, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतंत.

फिल्म हलली नव्हती. मोहोळचा तो बाप आणि माझा बाप एकाच चौकटीत, एकावर एक. तुम्ही ओली फिल्म उजेडाकडे धरलीत आणि खोकला येईपर्यंत हसलात. "आयला, पावण्याच्या तोंडात बसलो की मी!" मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दुसरा काढते. बसा." तुम्ही उठलात. "पुढच्या रोलाला बघू." मी भांडले. माझ्यासारखी भांडणारी पेठेत दुसरी नव्हती, हे तुम्हीच सांगायचात. पण तुम्ही कायदा मोडला नाहीत. पुढचा रोल एका बारशात गेला. त्याच्या पुढचा कॉलेजच्या निरोप समारंभात. हंगाम होता, माणसं हौशी होती, सगळ्यांना आणखी एक हवा असायचा. मी घरी आले की तुम्ही अंथरुणातून विचारायचात, "उरली का गं?" मी म्हणायचे, "नाही." "बरं झालं. धंदा चांगला हाय." मग तुमचा चेहरा असा झाला की विचारायचंच थांबलं. आजारानं पोखरलेला चेहरा काढू नये, घरच्यांना तोच लक्षात राहतो, हेही तुमचंच.

तेराव्याला आत्या नातेपुत्याहून आली. आईच्या फोटोशेजारी तुम्ही कधीचा ठोकून ठेवलेला रिकामा खिळा तिने पाहिला. "गल्लीतल्या समद्या भिंतींवर ह्यानं काढलेली माणसं," ती म्हणाली, "आन् ह्याच्या नशिबाला निस्ता खिळा. आगं, शिकलीस की तू! एक फोटू न्हाय बापाचा?" कुणीतरी सुचवलं, पाटावर कॅमेरा ठेवा, त्यालाच हार घाला. मी तो उचलून आत नेला. तो तुम्ही नव्हतात.

तो आजही चालतो. वंगण मी वेळच्या वेळी बदलून घेत आले. तुम्ही खरंच बरोबर होतात. चरे, उडालेला रंग, निघालेलं चामडं, कशानंही काही बिघडलं नाही. त्या दातांनी आयुष्यभरात माझं एकच चित्र खाल्लं. तुम्ही म्हणाल, एवढ्यावर यंत्राला नावं ठेवतात का? ठेवतात, अण्णा. मी ठेवते. आज त्या मुलीला झिजलेला घे म्हणताना माझी जीभ अडखळली नाही, याचाच मला राग आला. कुठली झीज सोसायची आणि कुठली नाही, हे वापरण्याआधी कळत नाही, आणि वापरून कळतं तेव्हा स्टूल रिकामं असतं. मी तिला हे सांगितलं असतं तर तिने कॅमेरा घेतलाच नसता. न घेण्यानं तरी काय वाचतं?

त्या निगेटिव्हचा मी एक प्रिंट काढला होता. भिंतीवर नाही, कपाटात आहे. एकाच फिल्मवर दोनदा पडलेला उजेड पुन्हा वेगळा करता येत नाही, एवढं कॉलेजात शिकले होते, तरी पहिली काही वर्षं मी भिंग घेऊन बसत असे. मिशी त्या मोहोळच्या बापाची, कॉलर तुमची. कान तुमचा. कपाळ बहुतेक तुमचं. तेव्हा मला खात्रीनं सांगता यायचं, कारण तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. आता माझ्याकडे तो प्रिंटच आहे, आणि तुम्हाला आठवायला गेले की मिशी येते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या प्रिंटमधले डोळे भरलेले आहेत. ते मोहोळच्या माणसाचे आहेत, मला पक्कं ठाऊक आहे, मीच तिथे उभी होते. तुम्ही माझ्यासमोर कधी रडला नाहीत. तरी बऱ्याच वर्षांपासून मी ते तुमचे म्हणून बघते.