पूर्ण नवशिक्यांच्या वर्गाबाबत

मु. पो. शेळगाव, ता. इंदापूर
रविवार, २० एप्रिल १९९७

आदरणीय रविंद्रदादा यांस ज्ञानदेवचा सप्रेम जय भीम.

तुमच्या गुडघ्याचं काय झालं? मागच्या पत्रात 'पाय बरा आहे' एवढंच होतं. पाय आणि गुडघा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डावा की उजवा हेही तुम्ही लिहिलं नव्हतं. विजयमाला वहिनींचं पित्त कसं आहे तेही कळवावं. इकडे आई (म्हणजे तुमची मामी) ठणठणीत आहे. दात तीन उरलेत, पण बोलण्यात त्यांची अडचण येत नाही, हे पुढे दिसेलच.

पत्रास कारण दिशा. आपल्या दिशाला विलायतेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. फी माफ, राहण्या-खाण्याचा खर्चही त्यांचा. ती सतरा वर्षे चार महिन्यांची असल्याने स्वीकाराच्या कागदावर पालकाची सही लागते. कागद १५ मेपर्यंत तिकडे पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाते. पालक मी आहे, आणि मी सही करणार नाही. हे तुम्हाला इकडून तिकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी नीट क्रमाने कळावं म्हणून लिहितो. (मूळ दोष तुमचाच. तुमच्या लायब्ररीत आलेलं ते माहितीपुस्तक तुम्ही पोरीला पाठवलंत. पान ६१ वर होतं : गणित आणि स्पॅनिश, दोन्ही मिळून एकच पदवी, चार वर्षं, त्यातलं तिसरं वर्ष खुद्द स्पेनात.)

ते पान वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. हे दोन विषय एकत्र शिकायचे असतात ही गोष्ट विद्यापीठाला आता सुचली, मला १९७९ साली सुचली होती. तुम्हाला आठवत असेल, पुण्याच्या जुन्या बाजारात मी बीजगणिताचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. कव्हर नाही, पहिली चौदा पानं नाहीत. विकणाऱ्याने इंग्रजी म्हणून दिलं. घरी आल्यावर लक्षात आलं की इंग्रजी नाही. पण समीकरणं तर समीकरणंच होती! शेवटच्या ओळीच्या आधी दर वेळी तेच तीन शब्द येतात, तर त्यांचा अर्थ 'म्हणून' याखेरीज दुसरा काय असणार? अशा रीतीने मी एकेक शब्द सोडवत गेलो. बारामतीच्या एका प्राध्यापकांनी ही भाषा स्पॅनिश असल्याचं १९८१ साली सांगितलं. म्हणजे दोन वर्षं मी नाव माहीत नसलेली भाषा शिकत होतो. सातवी पास, पाटबंधारे खात्यातल्या मोजणीदाराने, उसाचे फड मोजून आल्यावर संध्याकाळच्या वेळात केलेलं हे काम आहे, एवढं नोंदवून पुढे जातो.

दिशाला मी पाचवीपासून तेच पुस्तक शिकवलं. आठवीत तिची सगळी उदाहरणं संपली. त्या पुस्तकावरून स्पेनची बरीच कल्पना येते. तिथले व्यापारी दोन दरांची दारू एकत्र मिसळून तिसऱ्या दराने विकतात, घोडे जोडीने विकत घेतात, हौद दोन नळांनी भरतो तेव्हाच तिसऱ्या नळाने रिकामा होत असतो (हे आपल्या खात्यासारखंच), आणि बापाचं वय नेहमी मुलाच्या वयाच्या पटीत असतं.

फेब्रुवारीत पत्र आलं की मुलाखत फोनवर घेऊ. ११ मार्चला दुपारी साडेचारला (त्यांचे सकाळचे अकरा; मी तीनदा ताळा करून पाहिला) इंदापुरातल्या युवराजच्या एसटीडी बूथवर तिकडून फोन येणार होता. आम्ही पावणेतीनलाच जाऊन बसलो. शेजारचा गेणबा खताची पोती न्यायला आला होता, तोही थांबला. दोन विषयांची एक पदवी हे त्याला लगेच समजलं. "आंतरपीक म्हना की. पन ज्ञानदेवराव, ऊस कंचा आन कांदा कंचा?" मी म्हटलं, दोन्ही ऊस. तो म्हणाला, मग जमणार नाही, एकाला एक खातंय. अडाणी माणूस, पण प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

गणिताचे साहेब वीस मिनिटं इंग्रजीत बोलले. काचेबाहेरून मला दिशाची फक्त मान दिसत होती, आणि ती ताठ होती. मग स्पॅनिशच्या बाई आल्या. दिशाने काच सरकवली आणि हाताने फोन झाकून म्हणाली, "अण्णा, बाई काय तरी इचारतायत. पुस्तकात न्हाय हे." (नंतर कळलं, बाई 'कशी आहेस?' असं विचारत होत्या. हे पुस्तकात नाही ही गोष्ट खरी आहे. पहिल्या चौदा पानांत असण्याची शक्यता मी नाकारत नाही.) मी तिला सांगितलं, जे माहीत नाही त्याला एक्स मानायचं. तिने स्पॅनिशमध्ये तसंच सांगितलं : "माना की ते एक्स आहे." पुढचा प्रश्न, सकाळी काय खाल्लं? ते वाय. तिकडची हवा कशी आहे? हवा अज्ञात आहे. घरी कोण कोण असतं, यावर मात्र पोरीने पूर्ण वाक्य टाकलं : माझ्या बापाचं वय माझ्या वयाच्या दुपटीपेक्षा बाराने जास्त आहे. मग लांबून गणिताच्या साहेबांचा आवाज आला, "शेहेचाळीस!" आणि दोघंही इतकं हसले की युवराजलाही ऐकू गेलं. उत्तर बरोबर होतं. मग हसण्यासारखं काय होतं?

९ एप्रिलला निकाल आला. त्यातलं वाक्य शब्दशः देतो : 'गणितात उत्कृष्ट. स्पॅनिशसाठी पूर्ण नवशिक्यांच्या वर्गात प्रवेश देण्यात येत आहे.' नुसते नवशिके नाही, पूर्ण. अठरा वर्षांची किंमत त्यांनी शून्य केली. मी तेव्हाच ठरवलं की विद्यापीठ हे वाक्य मागे घेईपर्यंत सही नाही, आणि नऊ पानी हरकत लिहायला बसलो.

घरातलं वातावरण असं आहे. अंजली बायको असून माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलते. आई म्हणते, "तूच शिकिवलंस म्हून पोरगी मुकी झाली, आन आता तूच आडवा पडलास व्हय रं?" आईला बीजगणित येत नसल्याने मी उत्तर दिलं नाही. चौदा तारखेला जयंतीच्या मिरवणुकीत पोरांनी लाऊडस्पीकरवरून दिशाचं नाव पुकारून टाळ्या घेतल्या. त्या टाळ्या अटीसह आहेत हे मी कुणाला सांगितलं नाही. दिशा रडत-भेकत नाही, हे जास्त त्रासाचं आहे. रोज सकाळी तो कागद माझ्या मोजणीच्या टेपखाली ठेवते, मी रोज काढून कपाटात ठेवतो. काल एवढंच म्हणाली, "अण्णा, तिथं पयल्या दिवशी पाणी कसं मागायचं ते शिकवतील. स्पॅनिशमधी पाण्याला काय म्हनत्यात, तुमाला ठाव हाय?"

दादा, मी बावीस वर्षं पाटबंधारे खात्यात आहे. हौद, नळ, भरण्याचा वेग, गळतीचा वेग, सगळ्याला तिला स्पॅनिश शब्द सांगितले. त्या हौदात काय भरतं, ते पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. मी टेप गुंडाळली आणि मोजणीला गेलो. त्या दिवशी मोजणी नव्हती.

तरी तत्त्व ते तत्त्व. माझा निर्णय कायम आहे, आणि तुम्ही मध्ये पडू नये ही विनंती. वहिनींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
ज्ञानदेव

ता. क. वरचा मजकूर रविवारचा आहे. आज मंगळवार, २२ एप्रिल, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी सही केली. निळ्या शाईने, पूर्ण नावाने. कागद रजिस्टरने गेला, पावती दिशाजवळ आहे. पत्रात खाडाखोड मला चालत नाही, म्हणून आधीचं तसंच ठेवलं आहे; ते वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ता. क. दोन. नऊ पानी हरकत सोबत जोडली आहे. ती पुढे पाठवू नये. तुमच्याकडेच ठेवावी, आणि शक्यतो दिशाच्या हाती पडू देऊ नये.

ता. क. तीन. खरं म्हणजे पत्र यासाठीच उघडं ठेवलं होतं. पुण्यात रविवारी स्पॅनिश शिकवणारं कुणी आहे का, याची चौकशी करावी. मी पहाटे निघून भिगवणवरून गाडी धरली तर दहापर्यंत पोचेन. शेहेचाळिसाव्या वर्षी घेतात का, तेही विचारावं. माझं नाव सांगू नये; एका ओळखीच्या गृहस्थांसाठी म्हणावं. पोरीची पत्रं सप्टेंबरपासून येतील, आणि तिकडून ती कुठल्या भाषेत लिहील याचा भरवसा नाही. वर्गाच्या फॉर्मवर 'पूर्वज्ञान' असा रकाना असेल तर तुम्ही काही लिहू नये. मी येऊन स्वतः त्यात 'पूर्ण नवशिका' असं लिहीन.