नायकाला बॅटरी बसवावी की नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दशः घे. पाठ धरल्यामुळे जमिनीवर पालथा पडूनच लिहितो आहे.) तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तुमच्या जिन्याची दुरुस्ती ही तिन्ही मार्गी लागली असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू फोनवर अण्णांची तब्येत विचारतेस आणि मी ‘बरी आहे’ म्हणतो, कारण फोन त्यांच्याच उशाशी असतो. आता खरं ऐक. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की हृदयाचा ठेका चुकतो आहे, पेसमेकर बसवावा लागेल. म्हणजे काय, असं अण्णांनी विचारलं. बाई सरळ स्वभावाच्या, म्हणाल्या, छोटीशी बॅटरी असते. झालं! आपल्या ज्या बापाने हयातभर रंगमंचावर राजे मारले (म्हणजे राजा होऊन स्वतः मेला), त्याच्यापुढे बॅटरीचं नाव काढलं. ‘‘नायकाला बॅटरी लावतात का?’’ असं म्हणून उठले, ते सदरा उलटा घालून थेट घरी.

मग मी शहाणपणा केला. समजूत घालायला त्यांचे जुने नाटकवाले मित्र कारकूनकाका यांना बोलावलं. (काका जन्मात कधी कारकून नव्हते. पण आधुनिक नाटकांतले नोकरी गेलेले, बायकोने टाकलेले, खुर्चीत बसल्या बसल्या मरणारे नायक त्यांनी इतके केले की नाव चिकटलं.) चार दिवसांसाठी आले. त्यांचे कपडे संपले, माझे सुरू झाले, तरी मुक्काम हलेना. समजूत राहिली बाजूला, शोकांतिकेचा खरा नायक कोण यावरून दोघांची जुंपली. अण्णांचं म्हणणं, प्राचीन नाटकातला नायकच खरा. दैव हात धुऊन त्याच्या मागे लागतं, तो उंचावरून पडतो, म्हणून पडल्याचा आवाज होतो. मधल्या काळातल्याला दैव लागत नाही, त्याचा स्वभावच पुरतो, संशय म्हण, हाव म्हण, नाहीतर नुसती चालढकल. तोही चालवून घेऊ, निदान राजघराण्यातला असतो. पण काकांच्या नायकाला ना देव विचारतो ना शत्रू, त्याला साहेबांचं बोलावणं येतं आणि तो खलास. ‘‘ज्याच्या मरणाने राज्य हादरत नाही, तो कसला नायक?’’ यावर काका चहा फुंकत एवढंच म्हणायचे, ‘‘राज्य नाही हादरत, पण घर हादरतं.’’ हा वाद सकाळी न्हाणीघराच्या बंद दारातून चाले. एक आत, एक बाहेर, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून दोन युगांच्या मधे उभा. चष्म्याच्या दुकानात उशिरा पोचून मालकाची बोलणी खाणं हे माझं दैव. तुझी भावजय म्हणते, खरा तिसरा नायक हाच, आणि याचा दोष एकच की सगळ्यांना ‘या’ म्हणतो.

या भांडणाचा सुगावा वाचनालयाच्या सेक्रेटरींना लागला आणि त्यांनी सभागृहात कार्यक्रमच ठरवून टाकला. दोन काळ, दोन मरणं. मी हातापाया पडलो. अण्णा म्हणाले, करणारच. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘करू दे. दम लागला की आपल्या पायाने डॉक्टरकडे जाईल.’’

आधी काका मेले. खुर्चीत, इतके हळू की निम्म्या लोकांना वाटलं विचार करताहेत. मग अण्णा आले. मुकुट पुठ्ठ्याचा, अंगरखा आमच्या बाहेरच्या खोलीतल्या पडद्याचा. पण आवाज, ताई! तोच, आपल्या लहानपणी भिंतीपलीकडून यायचा तो. भाषण रंगात आलं आणि मधेच ते धाडकन कोसळले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. माझ्या मागचा माणूस म्हणाला, वा, काय पडला! मीही टाळ्या वाजवल्या गं.

समजलं ते फक्त काकांना. भाषण अर्धं बाकी होतं, आणि भाषण सोडून अण्णा मरणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक. मेलेला कारकून खुर्चीतून उठला आणि राजाकडे धावला. ‘‘पडदा! अरे, पडदा पाडा!’’ लोकांना तेही नाटकातलंच वाटलं.

रुग्णालयात काका तोंडाचा रंग न पुसताच बाकावर बसून होते. नर्सने आधी त्यांनाच झोपवायला घेतलं. अण्णा शुद्धीवर आले ते विचारतच, ‘‘टाळ्या पडल्या?’’

‘‘पडल्या असतील,’’ काका म्हणाले, ‘‘मला ऐकू आल्या नाहीत. मनात आलं, आता मी भांडू कुणाशी?’’

अण्णांनी मान माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाले, ‘‘सांग त्या बाईंना, बसवा बॅटरी. याला अजून पटलेलं नाही.’’

बॅटरी बसली. ठेका बरोबर आहे. अण्णा घरी आल्यावर काकाही आपल्या लेकीकडे गेले, माझाच सदरा अंगात घालून. न्हाणीघर रिकामं असतं, कामावर वेळेवर पोचतो, मालक हसून बोलतो. यापुढे नटाला, मग तो कुठल्याही काळातला असो, उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही असा मी निश्चय केला आहे. थकलो आहे, म्हणून आवरतं घेतो. लोभ आहेच, तो वाढला नाही तरी कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : अण्णा नीट जेवत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, शरीर ठणठणीत आहे. काल मी स्वतःच आधुनिक नायकाची बाजू घेऊन पाहिली. दोन वाक्यांत गारद झालो. ‘‘तुझा अभ्यास नाही,’’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ता. क. दुसरा : काकांची लेक तुमच्या मागच्याच गल्लीत राहते. पत्र मिळताच जा आणि त्यांना इकडच्या गाडीत बसवून दे. मी बोलावलंय असं चुकूनही सांगू नकोस, मानी माणूस आहे. फक्त एवढंच म्हण, की अण्णांनी तुमचा मुद्दा शेवटी खोडून काढला. गाडी नसली तर चालत निघतील.