उपाशी बॅटरी

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, तुझे बाबा बरे आहेत. म्हणजे आत्ता तरी बरे आहेत. मी आत टेबलाशी लिहीत बसले आहे आणि ते गाडीच्या पायरीवर बसून मीटरच्या वायरी गुंडाळताहेत, मधूनच स्वतःशी पुटपुटताहेत. फोन का नाही केला, असं तुझ्या मनात आलंच असेल. तेही सांगते. पण आधी बॅटरीचं सांगू दे, कारण हल्ली आमच्या या चाकांवरच्या संसारात दुसरा विषयच नाही.

आमच्या मोटरहोमला बॅटऱ्या दोन. एक पुढे, इंजिन सुरू करायला. दुसरी आमच्या पलंगाखाली. घरातलं सगळं हिच्यावर चालतं, दिवे, पंखा, पाण्याचा पंप. गाडी पळत असली की इंजिन दोघींनाही चार्ज करतं, निदान करायला हवं. पण पुढची ठणठणीत आणि पलंगाखालची मात्र दिवसभर गाडी चालवूनही दिवेलागणीलाच मान टाकायला लागली. दिवा पिवळा पडायला लागला की मी बाकीचं सगळं बंद करत सुटते. तू म्हणशील, मेणबत्ती लाव आणि गप झोप. लावली असती गं. पण त्या बॅटरीवर आणखी एक वस्तू चालते, जी तुला माहीत नाही. बाबांचं श्वासाचं मशीन.

तुझं-त्यांचं बोलणं बंद झालं, त्यानंतरचं हे दुखणं. झोपेत त्यांचा श्वास अडकतो. अधूनमधून नाही, सारखा. नाकावर मास्क लावून झोपायचं, मशीन रात्रभर हवा ढकलत राहतं. हृदयावर ताण आलाय, एक रात्रही मशीन चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुला कळवायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. दोघांच्या मध्ये मी.

बॅटरी उतरायला लागली तेव्हा पहिली आरोपी अर्थात मी. मी पंप चालू ठेवते, मी दिवे विसरते, माझं शिवणयंत्र वीज खातं. शिवणयंत्र बंद करून कपाटात ठेवलं, तरी तेच. मग त्यांनी एकेक फ्यूज काढून कोण चोरून वीज खातंय ते पाहिलं. कुणीच खात नव्हतं. मग छतावर चढून सोलरच्या काचा घासल्या. मी खाली उभी राहून शिडी धरली आणि मनातल्या मनात ओरडत होते, की या वयात हे काय चाललंय. काचा आरशासारख्या झाल्या आणि संध्याकाळी दिवा पुन्हा पिवळा. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यातच एकदा मशीन मध्येच बंद पडलं. मला जाग आली ती त्याचा आवाज थांबला म्हणून. अंधारात हात लावला तर छाती हलत नव्हती. हाका मारल्या, गदागदा हलवलं, शेवटी उशीने मारलं म्हणालीस तरी चालेल. एकदम मोठा श्वास घेऊन उठले आणि माझ्यावरच डाफरले, की धड झोपूही देत नाहीस! मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले. तेव्हापासून मी त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपते. झोपते कसली, पडते.

मग एक बॅटरीवाला गाठला. बरा माणूस, तोंडात कायम बडीशेप. त्याने बॅटरी न तपासताच नवी घ्या म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, आधी रोग दाखव, मग मयताचं सामान आण. तो हसला आणि आपला जुना मीटर ठेवून गेला, तुम्हीच शोधा म्हणाला. बाबांच्या चष्म्याला मीटरचे आकडे दिसत नाहीत, त्यामुळे आकडे वाचणारी मी. इंजिन सुरू ठेवून इंजिनपाशी मोजलं, तर चौदा व्होल्टच्या वर. पलंगाखाली मोजलं, तर जेमतेम बारा. म्हणजे पुढे वीज तयार होत होती आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर वाटेतच कुठेतरी सांडत होती. त्यांनी लाल वायर पुढून मागेपर्यंत तपासली, जोड उघडून घासले. त्यात काही खोट नव्हती.

मग मी आपलं म्हटलं, की काळ्या वायरीला का कुणी विचारत नाही? वीज जाते लाल वायरीने, पण परतायचं तिला काळीतूनच, आणि ती काळी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने बांधलेली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, दुसरं सांगाड्यावर. तिथे शून्य यायला हवं होतं, आले दोन. बाबा गाडीखाली सरपटत गेले, बोल्ट उघडला आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी घाबरून वाकून पाहिलं, तर उताणे पडून हसत होते. बोल्टच्या खाली रंग होता. काळा, चकचकीत, गंज न लागू देणारा, तीन हातांचा रंग. कुणी लावला असेल? जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस, उघडं लोखंड दिसलं की हात शिवशिवतात. निघण्याआधी सगळा सांगाडा त्यांनी इतक्या प्रेमाने रंगवला, की वायर बसवायची जागासुद्धा सोडली नाही. विजेला परतायला वाटच नाही ठेवली. तुझ्या लहानपणी खिडकी रंगवताना कडीसकट रंगवून बंद केली होती, आठवतं? तेच हे.

पत्र्याने रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. आकडा चौदावर चढला तेव्हा मी मीटर हातात घेऊन गाडीभोवती नाचले. बाबांनी चहा केला, स्वतः. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नाही, ठमे. मशीन तरीही मध्येच थांबलं. बॅटरीवाल्याला परत बोलावलं, या वेळी त्याने नीट तपासलं. म्हणाला, वायर आता बरोबर आहे, पण इतके महिने अर्धपोटी राहून बॅटरी आतून संपली. आता कितीही भरा, धरून ठेवणार नाही. त्याचं पहिलं बोलणंही खोटं नव्हतं म्हणायचं. नव्या बॅटरीला चार दिवस लागतील. ज्या तळावर विजेचा प्लग मिळतो तो इथून दिवसभराच्या वाटेवर, आणि इथे येतानाच स्टिअरिंगवर बाबांचे डोळे मिटले होते. मी किंचाळले म्हणून गाडी सरळ राहिली. लॉजवर चला म्हटलं, तर गाडी उघड्यावर टाकून येत नाहीत. म्हणतात, खुर्चीत बसून झोपेन, पूर्वी कुठे होती मशिनं? मला भीती वाटते गं. इतकी भीती मला तुझ्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती.

तू विचारशील, इथून म्हणजे कुठून. तुझ्या घरामागे ते खेळाचं मैदान आहे ना, त्याच्या भिंतीला लागून आमची गाडी उभी आहे. सोमवारपासून. रस्त्यातच होतं म्हणे! रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून तुझ्या गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि तिथूनच परततात. आपलं घर विकून ही गाडी घेतली तेव्हा तू म्हणालीस, आता अडलंनडलं तर माझ्या दारात येऊ नका. ते त्यांनी धरून ठेवलंय. तूही धरलंयस, खाण तशी माती. तुला फोन करायचा नाही, दार वाजवायचं नाही, अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतलीय. पत्राचं बोलायचं राहून गेलं, म्हणून हे मी आत्ता स्वतः तुझ्या पेटीत टाकून येणार आहे. तुझ्या अंगणाच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला एक प्लग आहे, मी फाटकातून पाहिला. लांब वायर आमच्याकडे आहे. चार रात्री, ठमे. घरात घेऊ नकोस हवं तर, अंगणात उभी राहू दे गाडी. अंधार पडायच्या आत ये, आणि मदत हवी का असं विचारू नकोस, नाहीच म्हणतील. सरळ गाडी आत घ्या म्हणून सांग. घराबद्दल भांडायचं असेल तर पोटभर भांड, मी मध्ये पडणार नाही. पण उद्या सकाळी भांड. आज त्यांना श्वास घेऊ दे.

वाट बघणारी, तुझीच
आई