हळदीला आत्याचं नाव

रविवार, दिवेलागण

अजून डोकं तापलेलंच आहे. शहरातल्या हळदीला मला फुलंब्रीहून गायला बोलावलं, अन् नवरदेवाच्या भावानं फोनकडून बनवून घेतलेलं गाणं लावलं. घरच्यांची नावं गुंफलेली, आवाज माझ्यापेक्षा गोड. खोटं कशाला लिहू? फक्त नवरदेवाच्या आत्याचं नाव राहिलं. आत्या कोपऱ्यात रुसून बसली. हळदीत आत्याला नावानं चिडवलं नाय, तर हळद कसली? मी ढोलकी ओढली, तिच्या रुसव्यावरच गाणं रचलं. तिनं तोंड फिरवलं, मी अजून चिडवलं. शेवटी हसलीच, उठून नाचली! निघताना तो भाऊ म्हणतो, "मावशी, तुमचा आवाज भरून घेऊ? पुढं फोनच गाईल."

म्हटलं, "मी नाय द्यायची. आधी तुझ्या फोनला रुसलेली आत्या दिसू दे!"