पूजेत मांडलेली गिटार

शारजा, २१ ऑक्टोबर १९९९

ती. आईस,
सूर्यकांतचा सा. न. वि. वि.

आम्ही तिघं मजेत. हेमाने दसऱ्याला श्रीखंड केलं. सान्वीने दोन वाट्या संपवून ‘नॉट बॅड’ असा शेरा मारला.

तू बजावलं होतंस, खंडेनवमीला हत्यारं पूजेला लाव आणि दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत एकालाही हात लावू नकोस. इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपात मी करवत, रंधा, पटाशी सगळं मांडलं. सोबत शेजारच्या एबोची गिटारही. हा एबो दुबईत, देऱ्याच्या एका हॉटेलात जॅझ वाजवतो. वाढला लंडनला, पण वडील घानाचे. गिटार त्यांचीच. नुसता अंगठा आणि एक बोट, एवढ्यावर ते वाजवायचे, तीच तऱ्हा यानेही उचलली आहे. गिटारीची तारा बांधायची पट्टी सुटली होती, ती चिकटवायला गिटार माझ्याकडे आली होती, काम झालं होतं. म्हटलं, याचं पोट हिच्यावर, म्हणजे हेही हत्यारच!

नेमका नवमीच्याच संध्याकाळी एबो धावत आला. लंडनचा एक बँडमास्तर त्याला ऐकायला आला होता. पसंत पडला तर वर्षभराचा दौरा, नाहीतर डिसेंबरात हॉटेलचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की खलास. मी आपलं तुणतुणं लावलं, उद्या उत्तरपूजेनंतर ने. तो म्हणाला, घानातले आजोबाही मान दिल्याशिवाय ढोलाला हात लावत नसत. आणि कुणाची तरी गिटार मागून गेला. बँडमास्तरने दोन गाणी ऐकली, वाजवणं साधारणच आहे म्हणाला आणि उठला. एबो मला एका शब्दाने बोलला नाही. आई, मला जेवण जात नाही गं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा सूर्यकांत

गुहागर, ३ नोव्हेंबर १९९९

चि. सूर्यकांतास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, गिटार तुझी होती का पूजेत मांडायला? तुझे बाबा नवमीलाही कुणाचं काही अडलं की हत्याराला नमस्कार करून खुशाल उचलायचे. एवढं लिहायचं माझ्याकडून राहिलं, तेच मेलं नडलं. सोबतची चिठ्ठी इंग्रजी करून त्या साहेबाला पाठव. एक शब्द गाळलास तर बघ. सान्वीला गोड पापा.
तुझी आई

रा. रा. बँडमास्तर यांस,
कृ. सा. न. वि. वि.

नियम मी सांगितला, पाळला माझ्या लेकाने आणि भोगतोय तिसराच. माझे यजमान सुतार होते. दुसऱ्याचा रंधा हाती आला की त्यांचाही हात अडखळायचा. त्या मुलाला त्याच्या वडिलांच्या गिटारवर एकदा ऐका. मग नको म्हणालात तर मी चकार शब्द काढणार नाही. माझ्यावर राग धरा, त्याच्यावर कृपा असू द्या.
द्वारका पांचाळ

शारजा, २० डिसेंबर १९९९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी सान्वीने इंग्रजी केली, मी फॅक्स केली. तिसऱ्या दिवशी बँडमास्तरचं उत्तर आलं, त्याच गिटारवरची कॅसेट पाठवा म्हणून! आमच्याच हॉलमध्ये रेकॉर्डिंग झालं. घरघर नको म्हणून हेमाने फ्रीजसुद्धा बंद केला, दूध नासलं, पण एबोने असं काही वाजवलं की सान्वी तासभर जागची हलली नाही.

काल कळलं, दौरा पक्का! जानेवारीत निघतोय. पेढा भरवायला गेलो तर सान्वीने त्याला दिलेली तुझी चिठ्ठी त्याच्या गिटारच्या पेटीत, झाकणाला आतून चिकटवलेली. म्हणाला, आई गेल्यापासून माझ्यासाठी असं कुणी भांडलं नव्हतं. आणि पेढा हातात धरून रडायला लागला. मग मीही.

तुझा आशीर्वाद आता दोघांना लागतो, हे ध्यानात असू दे.
तुझा सूर्यकांत